सावित्रीला हसता येत नाही

गेल्या वटपौर्णिमेला शेजारच्या काकू वाण घेऊन आल्या. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुला कशाला गं वडाला फेऱ्या मारायच्या? तू घरात बसूनच सावित्री झालीयेस." मी उभ्या आयुष्यात कधी वड पुजलेला नाही हे काकूंना पक्कं ठाऊक आहे. पण नवऱ्याचं आजारपण काढणारी बाई म्हणजे तिचे सगळे जुने गुन्हे माफ! नवरा समोर खुर्चीतच होता. त्याला पार्किन्सन्सचा आजार होऊन अकरा वर्षं झाली. काकूंनी त्याच्याकडे पाहून डोळ्याला पदर लावला. तो काहीतरी पुटपुटत होता, पण काकू तोवर चपला घालून जिना उतरल्यासुद्धा. मी कान जवळ नेला. तो म्हणत होता, "यमाला... चहा विचारलास का?"

हा विनोद काकूंपर्यंत पोहोचला नाही. तो का पोहोचला नाही, यावरच मला आज लिहायचं आहे.

पार्किन्सन्स म्हटलं की आपल्याला थरथरणारा हात आठवतो. पण हात थरथरणं हा त्यातला सोपा भाग. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि आपण ज्या हालचाली नकळत करतो त्या एकेक करून अडायला लागतात. चेहऱ्याच्या स्नायूंचंही तेच होतं. चेहरा मुखवट्यासारखा होतो. आवाज बारीक होतो, शब्द उशिरा येतात. आत माणूस शाबूत असतो, त्याला हसू आलेलं असतं, पण ते ओठांवर उमटत नाही. समोरच्याला वाटतं, संपलं, याला काही कळत नाही. मग लोक त्याच्याशी बोलायचं सोडून त्याच्याबद्दल बोलू लागतात, तेही त्याच्यासमोर आणि माझ्याशी. "जेवतात का? झोपतात का? ओळखतात का?" एका गृहस्थांना नवऱ्याने, ते उठायला आल्यावर, उत्तर दिलं होतं, "ओळखतो... म्हणूनच गप्प आहे." ते तोवर दारात पोहोचले होते.

विनोदाला वेळ लागते म्हणतात. आमच्याकडे ती शब्दशः लागते, दीड-दोन मिनिटं. आजारी माणसावर दया करायला एक क्षण पुरतो. त्याचा विनोद ऐकायला थांबावं लागतं. सेवेपेक्षा हे थांबणं मला जास्त अवघड गेलं. सेवा म्हणजे काम, आणि कामाची आपल्याला बायकांना सवय असते. सातची गोळी, ती जेवणाआधी, कारण प्रथिनं पोटात असली की तिचा गुण कमी येतो. मग अंघोळ, कपडे, बटणं. या सगळ्यात आपण इतक्या तरबेज होतो की त्याचं वाक्यही आपणच पुरं करून टाकतो. मीही करायची. एकदा पाहुण्यांसमोर त्याचा किस्सा मीच सांगून मोकळी झाले, शेवटच्या टाळीच्या वाक्यासकट. पाहुणे हसले. तो त्यानंतर चार दिवस बोलला नाही. मला वाटलं गोळ्यांचं काही बिनसलं. बिनसलं माझं होतं.

आणि एकदा तर त्याहून वाईट झालं. रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मी ओरडले, "सुटशील तरी एकदाचा!" तोंडातून निघून गेलं. हे लिहायला लाज वाटते, पण ज्या मैत्रिणी हे काम करतात त्यांना ते नवं वाटणार नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसले. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "उद्या... उद्या दूधवाल्याचं बिल द्यायचंय. ते झालं की... बघू." मी हसले, मग रडले. इतकी वर्षं आपण याला सांभाळतोय अशा थाटात मी वावरत होते. त्या रात्री त्याने मला सांभाळलं. रुग्ण फक्त घेणारा आणि आपण फक्त देणाऱ्या, हे गणित तेव्हा माझ्यापुरतं चुकीचं ठरलं.

आता सावित्रीकडे येते. वडाच्या कथेतल्या सावित्रीचा मला तशी राग नाही. ती यमाशी वाद घालणारी हुशार बाई होती. पण आपण तिची जी मूर्ती करून ठेवली आहे तिला हसता येत नाही, चिडता येत नाही आणि कंटाळा तर येऊच शकत नाही. बाईला एकदा त्या चौथऱ्यावर चढवलं की समोरचा नवरा आपोआप मढं होतो. मढ्याशी कोण थट्टा करणार? दोघांचंही माणूसपण एकाच फटक्यात जातं. शिवाय देवीला मदतनीस लागत नाही, सुट्टी लागत नाही. म्हणून मला "तुम्ही आहात म्हणून हो" या वाक्याची भीती वाटते. त्याचा अर्थ असतो, "आम्ही काही करणार नाही."

उलट बाजूही आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. बायको अंथरुणाला खिळली की तिची आई येते, बहीण येते, नाहीतर शाळेतली मुलगी घरी बसते. नवऱ्याने दोन वेळा चहा केला तरी तो देवमाणूस. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली माणसं दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांची देखभाल करत होत्या, पुरुष २१.४ टक्के. यात मुलांचं करणंही आलं. देखभाल करणाऱ्या बाईची त्यात रोज साधारण १४० मिनिटं जात होती, पुरुषाची ७४. आमच्यासारख्या साठी ओलांडलेल्या बायका तर या वयोगटातच बसत नाहीत. आणि खरी शुश्रूषा सुरू होते ती याच वयात!

तेव्हा मैत्रिणींनो, "हसतखेळत आजाराला सामोरं जा" असं सांगणाऱ्यांपासून जरा जपूनच राहा. रात्रभर जागलेल्या बाईला कोणी हसायला सांगितलं तर तिने लाटणं उचललं तरी माझी हरकत नाही. हसू हे झोपेवर अवलंबून असतं. ज्या दिवशी मला सलग सहा तास झोप मिळते त्या दिवशी आमच्या घरात विनोद होतात. बाकी दिवशी कामं होतात.

झोप मिळालेल्या अशाच एका सकाळची गोष्ट. या आजारात माणूस मोकळ्या जागेत बरा चालतो आणि दाराच्या उंबऱ्याशी थिजतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. जमिनीवर आडवी रेघ दिसली तर ती ओलांडायला पाऊल उचललं जातं, म्हणून आम्ही दारांत रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आहेत. तालही उपयोगी पडतो. त्या दिवशी पट्टी होती, तरी पाय उचलेना. मी ताल धरून उखाणा घेतला, "सातची गोळी सातला, बाराची बाराला, देशभर मोर्चे काढले, अडलं घोडं दाराला!" आमचं लग्न नोंदणी पद्धतीचं, त्यात उखाणा झालाच नव्हता. तो पट्टी ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत आला, खुर्चीत बसला, आणि चहा निवल्यावर त्याचं उत्तर आलं, "लग्नात... टाळला होतास. व्याजासकट... वसूल झाला."

चेहरा तसाच, कोरा. पण आता मला त्याच्या डोळ्यांवरून कळतं.

ही थट्टा चालते कारण त्याच्या आजाराची थट्टा करायचा पहिला हक्क त्याचा आहे. तो सुरू करतो, मग मी. नणंदेने एकदा त्याच्या चालण्याची नक्कल केली, कौतुकानेच, लहानपणी करायची तशी. मी म्हटलं, "वन्सं, हे नको." तिला वाईट वाटलं. वाटू दे.

झोप कुठून आली ते सांगायला हवं. काही दिवस आम्ही रात्रीसाठी ब्युरोतून बाई ठेवली होती. मन लावून करायची. एके दिवशी कळलं की तिचा स्वतःचा नवरा क्षयाने अंथरुणावर होता आणि त्याचं धाकटी मुलगी बघत होती. माझी झोप मी त्या मुलीकडून विकत घेत होते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिचा पगार वाढवला, आठवड्याची भरपगारी सुट्टी ठरवली, पण ही काही उत्तरं नव्हेत. आपल्या गटाने घरकामगार बायकांच्या प्रश्नावर पुष्कळ काम केलं आहे. रात्रपाळीने रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांचा विचार त्यात वेगळा करायला हवा, असं मला वाटतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारखा रुग्णांचा आणि घरच्यांचा स्वमदत गट आहे. तसे गट तालुक्यांच्या गावी निघाले, तर घराघरात एकटी पडलेली बाई निदान बोलू शकेल.

मी आणखी एक केलं, ते सगळ्यात आधी करायला हवं होतं. धाकटा दीर दर रविवारी भावाला बघायला यायचा, चहा प्यायचा, सुस्कारे टाकायचा. एका रविवारी मी त्याच्या हातात दाढीचं सामान दिलं. "वहिनी, मला नाही जमणार." मी म्हटलं, "मलाही नव्हतं जमत, माझ्या वडिलांनी काही शिकवलं नव्हतं." पहिल्या दिवशी दोघांच्याही हनुवटीला साबण लागला. आता तो गुरुवारी संध्याकाळीही येतो, गोळी देतो, खिचडी लावतो, आणि मी गटाच्या बैठकीला जाते.

परवा बैठकीहून उशिरा परतले. डोक्यात आठची गोळी, राहिलेली भांडी. पिशवी टाकली आणि दारातूनच विचारायला लागले, जेवण झालं का, औषध घेतलं का, पाणी किती प्यायला. दिराने माझ्याकडे न बघता हात वर केला. तो भावाच्या तोंडाकडे बघत होता.

"वहिनी, जरा थांबा," तो म्हणाला. "दादा बोलतोय."