क्षयरोग आणि गल्लीतला डॉक्टर

भारतातून क्षयरोगाचे उच्चाटन २०२५ सालापर्यंत करावयाचे, असा संकल्प केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये दिल्लीत जाहीरपणे सोडला होता. जगाने त्यासाठी २०३० ची मुदत घालून घेतली असता आपण ती पाच वर्षे अलीकडे ओढली, याचे त्या वेळी कौतुकही पुष्कळ झाले. प्रत्यक्षात काय झाले? २०१५ साली दर लाख वस्तीमागे वर्षाला २३७ नवे रोगी होत, ते २०२४ मध्ये १८७ वर आले, असे जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल सांगतो. म्हणजे नऊ वर्षांत एकवीस टक्के घट. संकल्प होता ऐंशी टक्के घटीचा. एकवीस टक्के ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे, आणि जगाच्या सरासरीहून आपला वेग अधिक आहे हेही खरे. परंतु जगातील दर चार क्षयरोग्यांपैकी एक आजही भारतात आहे. मुदतीत संकल्प पुरा झाला नाही, हे कबूल करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

औषध नाही म्हणून हे घडले, असे कोणास म्हणता येणार नाही. रोगी आरोग्यधामात न ठेवता घरीच ठेवून औषध दिले तरी तितकाच बरा होतो, हे मद्रासच्या प्रयोगाने १९५९ सालीच जगाला दाखवून दिले होते. सहा महिने नियमाने गोळ्या घेतल्या तर साधा क्षय हटकून बरा होतो. अडते ते ‘नियमाने’ या शब्दापाशी. आणि त्याच्याही आधी अडते ते रोगी प्रथम कोणाच्या दारात जातो, या प्रश्नापाशी. दोन-तीन आठवडे खोकला हटत नाही असे दिसले की आपल्याकडचा माणूस सरकारी क्षयरोग केंद्राची वाट धरीत नाही. तो गल्लीतल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातो. तो डॉक्टर जे लिहून देईल त्यावर रोग्याचे आणि त्याच्या घरातल्या मुलाबाळांचे भवितव्य ठरते. डॉ. मुकुंद उपळेकर यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईच्या गरीब वस्त्यांतील शंभरएक खासगी डॉक्टरांना क्षयावरचे औषध लिहावयास सांगितले, तेव्हा त्यांनी ऐंशी निरनिराळ्या पद्धती लिहिल्या! दोन दशकांनी, २०१० साली, तशीच पाहणी पुन्हा झाली. तेव्हा एकशेसहा डॉक्टरांपैकी बिनचूक औषधयोजना लिहू शकले ते अवघे सहा. औषधाला दाद न देणारा क्षय मुंबईत का बोकाळला, याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको.

या डॉक्टरांना वगळून सरकारला हा रोग आवरता येणार नाही. आणि नुसत्या परिपत्रकांनी ते सरकारच्या बाजूस येणारही नाहीत. ही कोंडी फोडण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न हैदराबाद शहरात तीस वर्षांपूर्वी झाला. त्याची माहिती आपल्याकडे फारशी कोणास नाही. ती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

हैदराबादच्या ए. सी. गार्ड्स भागात महावीर हे धर्मादाय विश्वस्त निधीचे रुग्णालय आहे. १९९५ साली तेथील छातीच्या रोगांचे तज्ज्ञ डॉ. के. जे. आर. मूर्ती आणि त्यांचे सहकारी यांनी सरकारी क्षयरोग कार्यक्रमाशी करार करून प्रथम एक लाख वस्तीची, व १९९८ पासून पाच लाख वस्तीची जबाबदारी पत्करली. देशातील असा हा बहुधा पहिलाच प्रयोग. सरकारने औषधे फुकट द्यावयाची. रुग्णालयाने बेडक्याची तपासणी करून निदान करावयाचे, नोंदी ठेवावयाच्या आणि सरकारला हिशेब द्यावयाचा. इथवर विशेष काही नाही. विशेष होते ते यापुढे. रुग्णालयाने आपल्या टापूतील खासगी डॉक्टरांच्या भेटी घेतल्या, आणि संशयित रोगी आमच्याकडे तपासणीस पाठवा, अशी त्यांना विनंती केली. निदान झाल्यावर रोग्याला त्याच्या घराजवळचे एखादे खासगी शुश्रूषागृह नेमून दिले जाई. तेथे एक दिवसाआड जाऊन परिचारिकेच्या देखत गोळ्या गिळावयाच्या. त्याबद्दल रोग्याकडून पैसा घ्यावयाचा नाही. रोगी आला नाही तर रुग्णालयाचा माणूस त्याच्या घरी जाऊन थडके.

डॉक्टर या योजनेत आले कसे, हा खरा कुतूहलाचा विषय आहे. मानधन म्हणाल तर काही नव्हते. उलट, फुकट औषधामुळे एका रोग्यामागची सहा महिन्यांची कमाई बुडत होती. त्यांची भीती अगदी साधी होती, आणि ती त्यांच्या जागी कोणालाही वाटली असती: एकदा रोगी मोठ्या रुग्णालयात गेला की तो परत येत नाही, आणि त्याच्यामागून त्याचे कुटुंबही जाते. महावीर रुग्णालयाने ही भीती ओळखली. रोगी ज्याचा त्याचाच राहील, तपासणीचा निकाल त्याला पाठविणाऱ्या डॉक्टरला कळविला जाईल, हे त्यांनी पाळले. ‘तुमच्याच डॉक्टरने तुम्हाला वेळेवर योग्य ठिकाणी पाठविले’ अशी वस्तीत बोलबाला झाली म्हणजे त्या डॉक्टरची पत वाढते. आणि वस्तीतल्या डॉक्टरला पत ही फीइतकीच, कधीकधी फीहूनही मोलाची असते. सरकारी खात्यांत या मनुष्यस्वभावाचा विचार होत नाही. तेथे सहकार्य म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती, चहा-बिस्किटे आणि पुढील बैठकीची तारीख!

निकाल कसा लागला? नव्याने निदान झालेल्या, बेडक्यात जंतू सापडलेल्या रोग्यांपैकी शंभरात नव्वदांच्या आसपास उपचार पुरे करून बरे झाले, आणि मध्येच औषध सोडणारे फारच थोडे निघाले. खासगी शुश्रूषागृहात गोळी घेणारा आणि सरकारी केंद्रात घेणारा यांच्यात फारसा फरक उरला नाही. मजुराचा मात्र कामाचा दिवस वाचला, कारण शुश्रूषागृह त्याच्या घराजवळ होते.

आता या प्रयोगाची दुसरी बाजू. तो वाढला किती आणि टिकला कसा? नाव घेऊन सांगावे इतके अनुकरण त्याचे झाले. २०१२ मध्ये क्षयरोग्याची नोंद सरकारला कळविणे खासगी डॉक्टरांवर बंधनकारक झाले. २०१४ पासून मुंबई व पाटणा येथे खासगी डॉक्टर आणि सरकार यांच्यामध्ये काम करणारी मध्यस्थ संस्था उभी राहिली. २०१८ पासून जागतिक निधीच्या साहाय्याने तसेच काम देशातील अनेक शहरांत सुरू झाले. त्याच वर्षापासून नोंदीबद्दल डॉक्टरला पाचशे रुपये व उपचार पुरा झाल्यावर आणखी पाचशे मिळू लागले. खासगी नोंदी २०१४ मध्ये लाखाच्या घरात होत्या, त्या २०१९ मध्ये पावणेसात लाखांवर गेल्या. ही प्रगती डोळ्यांआड करण्याजोगी खास नाही. परंतु यांतील पुष्कळसे काम परकीय निधीवर, दोन-तीन वर्षांच्या करारावर चालते. करार संपला की मध्यस्थ संस्थेतील मुले दुसरी नोकरी शोधतात. ज्या तरुणाने पन्नास डॉक्टरांचे दवाखाने झिजविले, कोण सकाळी भेटतो व कोण रात्री नऊनंतर, हे ज्याला पाठ झाले होते, तो गेला की त्याच्याबरोबर हे सारे ज्ञान जाते. नवा येतो तो पहिल्यापासून आरंभ करतो. वास्तविक या साऱ्या व्यवस्थेत अत्यंत स्वस्त आणि अत्यंत आवश्यक असा दुवा हाच. आणि कायम पगारपत्रकावर नसलेलाही हाच.

सहकार्याचा दुसरा पाया सरकारचा शब्द. औषधे आम्ही पुरवू, हा तो शब्द. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना आपापल्या पातळीवर खरेदी करावयास सांगितले. रोग्याला ‘उद्या या’ म्हणून परत पाठविण्याची पाळी काही ठिकाणी आली. ज्या खासगी डॉक्टरने आपल्या भरवशावर रोगी सरकारी औषधाकडे वळविला होता, त्याने त्या रोग्याला काय सांगावे? पुढच्या वेळी तो दुकानातल्या औषधाची चिठ्ठी लिहून मोकळा होईल, आणि त्याला दोष देणे कठीण जाईल.

आपल्या किनाऱ्यापुरता हा प्रश्न पाहिला तर त्याला एक वेगळाच पदर आहे. मालीम, कुटबण, खारीवाडा, तिकडे रत्नागिरीचा मिरकरवाडा, या धक्क्यांवरच्या ट्रॉलरांवर काम करणारे बहुतेक खलाशी आज ओडिशा, झारखंड, नेपाळ येथून आलेले असतात. एका होडीवर दाटीवाटीने ते झोपतात. एकाला खोकला झाला तर तो सर्वांचा होण्यास वेळ लागत नाही. २०२४ साली कुटबणच्या जेटीवर पटकीची साथ पसरली आणि खलाशी दगावले, तेव्हा या माणसांच्या राहणीची चर्चा चार दिवस झाली. क्षयाची साथ पटकीसारखी गाजावाजा करीत येत नाही, म्हणून तिची चर्चाही होत नाही. खलाशी आठ-आठ दिवस समुद्रावर असतो. सरकारी केंद्राच्या वेळा त्याला जुळत नाहीत. आजारी पडला तर तो जेटीजवळच्या खासगी दवाखान्यात जातो. पुढे १ जूनला मासेमारी बंद होते, दोन महिन्यांसाठी तो गावी निघून जातो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत सुरू केलेले औषध नेमके अर्ध्यावर राहते. संगणकावर त्याची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठविता येते, हे खरे. परंतु तो कोणत्या गाडीने, कोणत्या गावी गेला, हे संगणकाला कोणी तरी सांगावे लागते. ते सांगू शकतात तिघे: होडीचा मालक, तांडेल आणि जेटीवरचा डॉक्टर.

या तिघांना एकत्र बांधण्यास करोडोंची योजना लागत नाही. प्रत्येक मोठ्या धक्क्यामागे एक कायम पगारी माणूस आरोग्य खात्याने नेमावा. त्याने डॉक्टरांशी संबंध राखावा, तांडेलाच्या हाती आठवड्याच्या गोळ्या व त्यांचा हिशेब द्यावा आणि मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात गावी निघणाऱ्या प्रत्येक रोग्याची पत्रिका व उरलेले औषध त्याच्या पिशवीत घालून त्याच्या जिल्ह्याला फोन करावा. मच्छीमार सहकारी संस्थांकडे खलाशांच्या याद्या असतात. त्या त्यांनी या कामासाठी उपलब्ध करून द्याव्यात. गोवा आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांना हे करावयाचे असेल तर माणसांची नेमणूक मासेमारीची बंदी संपून होड्या पुन्हा समुद्रात जाण्यापूर्वी, जुलैअखेर व्हावयास हवी. ऑगस्टमध्ये खलाशी परततात तेव्हाच त्यांची पहिली तपासणी करता येते.