बोटीवरचा स्पीकर

बालमित्रांनो, रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते, तिथं आमचं दाभोळ. इथं मच्छीमारी बोटींवर गाणी वाजतात. समजा, एखादे तांडेलकाका म्हणाले, "५० वॅटचा स्पीकर काढून १०० वॅटचा लावू." मग आवाज दुप्पट होईल?

छे! वॅट दुप्पट झाले, तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला जेमतेम कळेल एवढाच! दुप्पट वाटायला वॅट लागतात साधारण १० पट.

बरं, एवढी वीज आणायची कुठून? बॅटरीतूनच ना! १२ व्होल्टच्या बॅटरीतून १०० वॅट घ्यायचे, म्हणजे ८ अँपिअरपेक्षा जास्त करंट. इंजिन बंद ठेवून रात्रभर असं वाजवलं, तर पहाटे इंजिन सुरू व्हायचं नाही. वायरलेसही मुका! भर समुद्रात मदत मागायची कशी?

म्हणून गाण्यांची बॅटरी वेगळी हवी. स्पीकरचा पडदा कागदी नको, प्लास्टिकचा हवा. खारी, दमट हवा तो सोसतो. आणि खाडीच्या मुखाशी आवाज कमीच ठेवावा. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोटही तिथूनच ये-जा करते. तिचा भोंगा ऐकू यायला हवा ना?

घरी बाबांनाही सांगा हं!