माइक-आर्म : किमतीआधी वजन

टेबलाला पकडणारा स्वस्त माइक-आर्म घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, हे गेल्या अंकातील पत्राचे म्हणणे अर्धेच खरे आहे. आर्म लवतो तो स्वस्त असतो म्हणून नव्हे. स्प्रिंगची ताकद आणि माइकचे वजन यांचा मेळ बसत नाही म्हणून. स्प्रिंगने तोललेल्या दांड्याची ही रचना जॉर्ज कार्वर्डाइन या इंग्रज अभियंत्याने 1932 च्या सुमारास दिव्यासाठी घडवली. गणित आजही तेच आहे. शुअर एसएम58 माइक सुमारे 300 ग्रॅमचा, तर एसएम7बी 765 ग्रॅमच्या घरात. पहिल्याला साधा आर्म सहज पेलतो, दुसऱ्याखाली तोच मान टाकतो. उलट, दणकट आर्मवर हलका माइक लावला तर दांडा वर उसळतो; त्याबद्दल पत्रात चकार शब्द नाही. शॉकमाउंट आणि पॉप फिल्टरचे वजनही धरायचे असते.

काटकसर अंगाशी येते ती क्लॅम्पमध्ये. पार्टिकल बोर्डच्या टेबलाची कड छोट्या चकतीखाली दबते, सनमायका तडकतो; मध्ये प्लायचा तुकडा घातला की भार पसरतो. माइक बसवण्याचे आटे 5/8 इंची की 3/8 इंची, एवढे पाहावे. अ‍ॅडॉप्टर किरकोळ किमतीत मिळतो. उघड्या स्प्रिंगा धक्का लागताच झणझणतात आणि ते रेकॉर्डिंगमध्ये उतरते, ही पत्रातली तक्रार मात्र रास्त आहे. आत स्पंजाची पट्टी सारली की झणझण बरीच दबते. टायपिंगची ठकठक टेबलातूनच चढते. तिला महागडा आर्मही पुरता अडवत नाही.