गाळा, पण फेकू नका!

माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या, मुद्द्याचं नको!

गेल्या सेमिस्टरला सरांनी मला कॉलेजच्या मेल गेटवेवर काम करू दिलं. बाहेरून येणारा प्रत्येक मेल आधी या दारावर थांबतो, मग आपल्या इनबॉक्समध्ये येतो. दारावरच्या या वॉचमनला आपण नियम लिहून देतो : अमुक अट जुळली, तर तमुक कर. हाच मेसेज फिल्टर. मी ऐटीत पहिला नियम लिहिला : मेलमध्ये कुठेही इंग्रजी शिवी दिसली, की 'ड्रॉप'. टेस्ट म्हणून चार शिव्या स्वतःलाच पाठवल्या. चारही गायब. मी खूश!

आमच्या वर्गात एक दीक्षित आहे. स्पेलिंग डी-आय-के-एस-एच-आय-टी. शेवटची चार अक्षरं वाचा, म्हणजे कळेल. त्याला इंटर्नशिपच्या मुलाखतीचा मेल आला, 'डियर मिस्टर'च्या पुढे आडनाव. माझ्या नियमाने तो दारातच संपवला. ड्रॉप केलं की पाठवणाऱ्याला निरोप जात नाही आणि ज्याचा मेल त्यालाही कळत नाही. भूगावच्या होस्टेलवर तो दहा दिवस वाट बघत बसला. लॉगमध्ये सापडेपर्यंत तारीख उलटली होती. "तुझ्या नियमाने मला न विचारताच नापास केलं," एवढंच म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही.

बरं, चूकही नवीन नाही. 1996 मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावात शिवी दडलेली!

उपाय आहे. अक्षरं नाही, पूर्ण शब्द जुळवायचा. रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये शब्दाची सीमा सांगायला 'बॅकस्लॅश बी' असतं. पण तेवढ्याने भागत नाही, असं माझं मत. उद्या दुसऱ्याच कशात तरी दुसराच कोणी अडकेल. म्हणून नवा नियम आधी आठवडाभर नुसता लॉग करू दे, मग क्वारंटाइन, आणि तिथे रोज माणसाने नजर टाकावी. पक्का ओळखलेला व्हायरस खुशाल ड्रॉप करा. पण नुसत्या शब्दावरून संशय आला, तर फेकायचा हक्क आपल्याला नाही. रोज बघायला वेळ कुणाला, असं सर म्हणतील. सर, मी बघते.

आमच्या मेसच्या मावशी तांदूळ निवडतात ते कधी बघा. खड्यासारखा दिसणारा दाणा त्या लगेच फेकत नाहीत. ताटाच्या कडेला सारतात, शेवटी एकदा उजेडात धरून बघतात. त्या कॉम्प्युटर शिकल्या नाहीत, पण क्वारंटाइन त्यांना माझ्याआधी कळलं.

पटलं नाही? मग मेल करा. या वेळी नक्की पोचेल!