घाटातला अपघात आणि दोषाचं बोट

पाऊस लागला की भिवंडी, मुंब्रा, कल्याण, वसई, नाशिक इथल्या आपल्या पोरांच्या ग्रुपवर जव्हार-मोखाड्याचे फोटो फिरायला लागतात. दाभोसा, काळमांडवी, सनसेट पॉइंट, तोरंगण घाटातलं धुकं. बासी ईद असो की १५ ऑगस्ट, दहा-बारा बाइक पहाटे निघतात आणि रात्री परततात. या राइडना माझा विरोध नाही. आठवडाभर पॉवरलूमच्या खडखडाटात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाने एक दिवस मोकळी हवा घ्यावी, यात गैर काय आहे? घरातल्या मोठ्यांनी ‘कशाला मरायला जाता’ एवढंच म्हणून विषय संपवला की मुलं न सांगता जातात. ते जास्त धोक्याचं आहे.

मला बोलायचं आहे ते अपघात झाल्यानंतरच्या चोवीस तासांबद्दल. आपण सगळ्यात जास्त चुकतो तिथेच.

एक हकीकत माझ्यापर्यंत आली. नावं देत नाही. नऊ बाइक, मोखाड्याच्या पुढचा उतार, ओला रस्ता. वळणावर गाय आली, तिसऱ्याने ब्रेक मारला, चौथा मागून धडकला. चौथ्याच्या मागे बसलेल्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला, पण कॉलेजचं वर्ष गेलं. त्याच रात्री ग्रुपवर सुरू झालं : पुढच्याने ब्रेक का मारला, मागच्याने अंतर का ठेवलं नाही, लीडर एवढा पुढे का पळाला, रूट कुणी ठरवला. सकाळपर्यंत अॅडमिनने ग्रुपच उडवून टाकला. जखमी मुलाच्या घरचे म्हणाले, ज्याने नेलं त्याने भरावं. मोहल्ल्यातल्या दोन मोठ्या माणसांनी सांगितलं, पोलिसांत जाऊ नका, आपसात मिटवा. अपघाताची नोंद झालीच नाही. पुढे विम्याच्या भरपाईचा विषय निघाला तेव्हा हातात दाखवायला काहीही नव्हतं.

या हकीकतीत दुष्ट कुणीच नाही. सगळे घाबरलेले होते, एवढंच.

दोष म्हणजे नेमकं काय, हे आपण नीट समजून घेत नाही. आपल्याकडे दोन टोकाची वाक्यं तयार असतात. एक, ‘तकदीरमध्ये होतं’. दुसरं, ‘त्यानेच मारलं’. पहिल्याने कुणालाच काही विचारायचं राहत नाही, दुसऱ्याने एकाचं आयुष्य संपतं. कुरआनच्या सूरह निसामध्ये चुकून झालेल्या मृत्यूचा विचार जाणूनबुजून केलेल्या हत्येपासून वेगळा केला आहे. चुकून झालं म्हणून माणूस सुटत नाही. घरच्यांना भरपाई द्यायची आहे, प्रायश्चित्तही आहे. पण तो खुनीही ठरत नाही, आणि घरच्यांना माफ करण्याची मुभा आहे. देशाचा कायदाही हा भेद करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या ३०४-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. खुनाचं कलम वेगळं आहे.

इथे ‘आपसात मिटवा’ म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचा गुन्हा तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. जमातने बसून पैसे ठरवले तरी खटला संपत नाही. उलट, नोंद न झाल्याने जखमीचं किंवा मृताच्या घरचं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातलं काम अडतं. तिथे सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. मध्यस्थी करणाऱ्यांनी दिलासा द्यावा, दवाखान्याचं बिल भरायला हातभार लावावा. मात्र नोंद रोखण्याचा सल्ला देऊ नये.

विम्याबद्दलही मुलांना फार कमी माहिती असते. बाइकवर फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्याच मागे बसलेल्या मित्राला त्यातून भरपाई मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेलं आहे. मित्राला मागे बसवणाऱ्याने निघण्याआधी पॉलिसी उघडून पाहावी. थोडा जास्त हप्ता जातो, पण दोन घरांतली दुश्मनी टळते.

दोष आणि नियमभंग यांतला फरक दाखवणारा एक निकालही आहे. २०२० साली मोहम्मद सिद्दिकी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात बाइकवर तिघे होते, कारने मागून धडक दिली आणि मागे बसलेला तरुण गेला. तिघे बसले म्हणून त्याचाही दोष धरून भरपाई कापली गेली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तिघे बसणं नियमभंग आहेच, पण त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय त्याच्यावर दोष टाकता येणार नाही. माझ्या मते ग्रुपमधल्या प्रत्येक भांडणाला हीच कसोटी लावावी. ‘तो नेहमीच जोरात चालवतो’ हा त्याच्या स्वभावाबद्दलचा शेरा झाला. त्या वळणावर काय घडलं, याचं उत्तर त्यात नाही.

म्हणून त्याच रात्री प्रत्येकाने स्वतंत्रपणे, एकमेकांना न विचारता, पाहिलेलं लिहून ठेवावं. वेळ, जागा, कोण कुठे होता. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण आणि ग्रुपमधले मेसेज जपावेत. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. व्हिडिओ स्टेटसवर मात्र टाकू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘गाडी मी चालवत होतो असं सांग, तुझ्याकडे लायसन्स आहे’ हा डाव कधीच खेळू नये. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातात बाइकवरचे दोन तरुण इंजिनियर गेले. त्यानंतर ड्रायव्हरवर आळ घेण्यासाठी दबाव आणल्याचा आणि रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांनाही अटक झाली. एवढा पैसा असून ते लपलं नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या पोराचं काय लपणार? चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. भाच्याला चावी देणाऱ्या मामूंनी हे वाचावं.

आता एक अवघड भाग. आपली नावं पाहून दोष लवकर चिकटतो, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. याच पालघर जिल्ह्यात १६ एप्रिल २०२० ला गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला ठार मारलं. काही तासांत सोशल मीडियावर त्याला मुसलमानांचा रंग दिला गेला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. परक्या गावात, अनोळखी जमावासमोर आपल्या मुलांना भीती वाटते ती उगाच नाही.

पण या भीतीने पळून जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाला जखमीच्या उपचाराची व्यवस्था करायला आणि २४ तासांत पोलिसांना कळवायला सांगतं. जमावाच्या रोषामुळे थांबणं शक्य नसेल, तर तेवढ्यापुरती सवलत त्याच कलमात आहे. म्हणजे थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, ११२ ला फोन करा. घरी जाऊन झोपणं हा पर्याय नाही.

आणि ज्याला धडक बसली तो आपल्या ग्रुपमधला नसेल तर? या रस्त्याच्या कडेने वारली, कोकणा, कातकरी माणसं डोक्यावर मोळी घेऊन, मुलाला कडेवर घेऊन चालतात. त्यांच्यातला कुणी जखमी झाला तर त्याच्यासाठी कुणी पोस्ट टाकत नाही, कुणी वकील देत नाही. आपल्यावर नावावरून अन्याय होतो म्हणणाऱ्यांनी इथे दुसऱ्याच्या गरिबीचा फायदा घेऊ नये. शिवाय घाटात सगळ्यात आधी मदतीला धावतात ते हेच लोक, आणि जीपवाले.

दवाखान्याचं गणितही निघण्याआधी करावं. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. डोक्याला गंभीर मार असेल तर बहुतेक वेळा नाशिक किंवा ठाण्याला हलवावं लागतं, म्हणजे पुन्हा घाट. फोनची रेंज मध्येमध्ये जाते. त्यामुळे हेल्मेट हा इथे दंडाचा विषय नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते आणि त्यांतले १४ हजारांहून जास्त मागे बसलेले. दुसरं हेल्मेट नसेल तर दुसरा माणूस नेऊ नका. पैशांसाठी कुणी अडवलं तर सांगा, मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयात अपघातग्रस्ताला सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. दोष कुणाचा हे त्यात विचारत नाहीत. जखमीला आणून सोडणाऱ्याला नाव सांगायची सक्तीही कलम १३४-अ नंतर करता येत नाही.

२ जुलै २०२० ला काळमांडवीला जव्हारच्याच पाच तरुणांचा जीव गेला. आधी दोघे पाण्यात पडले, बाकीचे वाचवायला उतरले. वळणावरही हेच होतं. एक पडला की आठ जण बाइक रस्त्यातच टाकून धावतात आणि धुक्यातून ट्रक किंवा एसटी येते. आधी दोघांनी टॉर्च घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शंभर पावलं लांब उभं राहायचं, मग बाकीच्यांनी जखमीकडे जायचं. हेल्मेट ओढून काढायचं नाही, पाणी पाजायचं नाही, १०८ ला फोन.

कोण कुठे उभा राहणार हे निघतानाच, चहाच्या टपरीवर ठरवा. लीडरने पुढे पळायचं नाही. वेग सगळ्यात नवख्या मुलाचा, आणि ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी रायडर शेवटी. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. पावसात पुढच्या बाइकपासून चार सेकंदांचं अंतर, उतारावर खालचा गिअर. आणि घरी कुणाला तरी, निदान बहिणीला, रूट आणि सगळ्यांचे नंबर कागदावर लिहून द्या.