पाऊस मोजणाऱ्या यंत्राची भूक

सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा १६६४ साली जव्हारजवळच्या माळावर मुक्काम पडला आणि जव्हारच्या राजाने त्यांना मानाचा शिरपेच अर्पण केला, म्हणून या जागेचे नाव शिरपामाळ पडले, अशी परंपरा सांगितली जाते. स्वच्छ हवेत माळावरून चहूबाजूंचा मुलूख नजरेत भरतो. जुलैमध्ये मात्र झड लागली की समोरची टेकडीही दिसेनाशी होते आणि कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही. राज्यात गावोगावी स्वयंचलित पर्जन्यमापक उभारण्याच्या सरकारी संकल्पाकडे या जुलैतल्या जव्हार-मोखाड्यातून पाहायला हवे. कारण ही यंत्रे जगतात उन्हावर आणि त्यांचे खरे काम असते पावसात.

'महावेध' प्रकल्पाद्वारे २०१७ पासून राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. दर दहा मिनिटांनी नोंद घेऊन ती बिनतारी पाठवणे हे त्यांचे काम. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने 'विंड्स' ही योजना जाहीर करून पुढचे पाऊल टाकले. तालुका पातळीवर हवामान केंद्र आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक, असे तिचे स्वरूप आहे. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. म्हणजे प्रश्न दोन हजार बॅटऱ्यांचा राहिलेला नसून दहापटींहून मोठा झाला आहे.

शहरी वाचकाला हा तांत्रिक तपशील वाटेल. मोखाड्यातल्या भात-नागलीच्या शेतकऱ्याला तो तसा वाटणार नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी, हा मदतीचा रुळलेला निकष आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाईही केंद्रांच्या नोंदींवरच ठरते. शेत वाहून गेले त्याच रात्री यंत्र मुके असेल, तर शेतकऱ्याने दाद कशाच्या आधारावर मागायची? शेजारच्या केंद्राचा आकडा लावता येतो, हे खरे. पण सह्याद्रीच्या उतारावर दोन दऱ्यांमधला पाऊस सारखा नसतो, हे तिथला गुराखीही सांगेल.

यंत्र मुके का होते, हे समजण्यासाठी साधे अंकगणित पुरेसे आहे. पर्जन्यमापक मुळात मितव्ययी असतो. त्यातली छोटी दुहेरी वाटी ठराविक पाणी साचले की कलंडते, चुंबकाने एक कळ मिटते आणि झोपलेले यंत्र क्षणभर जागे होऊन नोंद घेते. या झोपेत ते १० मायक्रोअँपिअर वीज घेते असे धरू. दिवसाचा खर्च पाव मिलिअँपिअर-तासही होत नाही. २,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी केवळ या झोपेवर कागदोपत्री वीस वर्षे पुरेल. खरा खर्च आहे तो बोलण्याचा. एक संदेश पाठवायला १०० मिलिअँपिअरने पाच सेकंद लागतात असे समजा. दर दहा मिनिटांनी, म्हणजे दिवसाला १४४ वेळा संदेश पाठवला की रोजचा खर्च २० मिलिअँपिअर-तासांवर जातो आणि ऊन मिळालेच नाही तर तीच बॅटरी तीन महिन्यांत संपते.

हा हिशेब टॉवर जवळ असलेल्या गावाचा झाला. जव्हार-मोखाड्यातल्या दरीतल्या पाड्यावर मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते. तिथे यंत्राला पुन्हा पुन्हा हाका माराव्या लागतात. पाच सेकंदांचे तीस झाले, तर तीन महिन्यांची बॅटरी सोळा-सतरा दिवसांत रिकामी होते. तिला भरणारे सौर पॅनेल दाट ढगांखाली एरवीच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्यावर येते. त्यावर शेवाळ नि पाने साचली तर तेवढेही हाती लागत नाही. दुर्गम गाव दोन्ही बाजूंनी नाडले जाते. आवक घटते त्याच दिवसांत खर्च वाढतो.

मग उन्हाऐवजी पावसातूनच वीज का काढू नये? पावसाच्या थेंबातून वीज मिळवल्याच्या बातम्या प्रयोगशाळांतून अधूनमधून येतात आणि वाचायला सुखद वाटतात. तासाला ५० मिलिमीटर अशा मुसळधार पावसातही तळहाताएवढ्या, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरच्या पत्र्यावर थेंबांची एकूण ऊर्जा तासाला सुमारे १२ ज्यूल भरते. त्यातली एक टक्का विजेत उतरली तर यंत्राच्या झोपेचा खर्च जेमतेम निघेल. एका संदेशासाठी मात्र पंधरा तास वाट पाहावी लागेल. सायकलचा डायनामो दिवा पेटवतो तो पायात बळ असते म्हणून. जर्मनीतील 'एनोशन' कंपनीची बिनबॅटरीची बटणे बोटाच्या दाबातून संदेशापुरती वीज मिळवतात, तीही माणसाने दाबल्यावरच. माळावरच्या एकाकी यंत्राला हा आधार नाही. आणखी काही काळ तरी सौर पॅनेलला पर्याय दिसत नाही.

उपाय दडला आहे तो खर्चाच्या शहाणपणात. संदेश दहा मिनिटांऐवजी तासाला एक केला, तर कमकुवत रेंजमध्येही वर धरलेली बॅटरी तीन महिने टिकते. म्हणजे जवळजवळ अख्खा पावसाळा उन्हाविना निभावतो. वाटीच्या प्रत्येक हेलकाव्याची नोंद यंत्राच्या स्मृतीत राहतेच, त्यामुळे ६५ मिलिमीटरच्या निकषाला बाध येत नाही. अतिमुसळधार सर आली तर मात्र यंत्राने तास पुरा होण्याची वाट न पाहता तत्काळ कळवावे. जानेवारीत ऊन मुबलक आणि सांगण्यासारखे काही नाही, जुलैत नेमके उलट. तरी दोन्ही महिन्यांत दहाच मिनिटांनी बोलण्याचा हट्ट धरणे ही उधळपट्टी आहे.

हे अभियंत्यांना ठाऊक नाही असे नाही. अडचण आहे ती यश मोजण्याच्या पद्धतीची. वर्षभरात ९५ टक्के वेळ यंत्र चालू राहावे, अशी अट कडक वाटते. पण उरलेले पाच टक्के म्हणजे १८ दिवस होतात आणि ते सगळे जुलैत गेले तरी अट पाळली गेलीच! अशी वार्षिक सरासरी लातूरच्या कोरड्या माळावर कदाचित चालून जाईल. जव्हारसाठी निविदेत वेगळी कलमे हवीत. जून ते सप्टेंबरची हजेरी स्वतंत्र मोजावी. सलग किती दिवस उन्हाविना यंत्र चालते, याची चाचणी त्या गावच्या रेंजमध्येच घ्यावी. प्रत्येक संदेशासोबत बॅटरीची पातळीही यावी, म्हणजे ती अर्ध्यावर येताच कोणाला तरी तिथे धाडता येईल. आणि पावसाळ्यापूर्वी पॅनेल पुसण्याचे काम कोणाचे, हे ग्रामपंचायतीचे नाव घालून, मानधनासह लिहावे. पॅनेल पुसायला लागते एक फडके आणि एक शिडी. पण हे काम कोणाच्याच नावे नसेल, तर ते होणारही नाही.