मोहल्ल्यातही रेगे वाजू दे

‘सुट्टीत गाणंबजावणं कशाला? कॉम्प्युटरचा क्लास लाव,’ हा सल्ला आपल्या घरांत सर्रास मिळतो. यंदाच्या उन्हाळी कार्यशाळेत मी रेगे शिकलो, शेवटी मंचावर बेसही वाजवला. म्हणूनच मला हा सल्ला पटत नाही.

रेगेच्या ‘वन ड्रॉप’ तालात ड्रमवाला पहिली मात्रा रिकामी सोडतो, जोर तिसरीवर देतो. गिटार दुसरी-चौथी पकडते. एकानं घाई केली की सगळ्यांचं बिघडतं. दुसऱ्याचं ऐकायची ही शिस्त भाषणं ऐकून येत नाही.

आणि हे रिकामटेकड्यांचं संगीत नाही. जमैकात किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये गरीब मुलांना छपाईसारख्या कसबांबरोबर बँडही शिकवत. ‘स्काटलाइट्स’चे टॉमी मॅकूक, डॉन ड्रमंड तिथलेच. त्यांच्या स्कामधून रॉकस्टेडी आणि १९६८च्या सुमारास रेगे घडलं. २०१८मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

कार्यशाळेत आमच्या मोहल्ल्यातला मी एकटाच होतो. फी सगळ्यांना परवडत नाही. पण लग्नसराई सोडली तर आपले हॉल रिकामेच असतात. तिथं दोन गिटार, एक ड्रमसेट ठेवू या, मुलींनाही बोलावू या. कॉम्प्युटरचा क्लास सकाळी होऊ दे. संध्याकाळ मोकळीच असते.